चोवीस अंशांचा फरक

रत्नव्वा सोमवारी दिवसभर नुसत्या पाण्यावर असायची. संध्याकाळी इष्टलिंगाची पूजा झाली, की धाकटा दीर सोमशेखर जेवायला यायचा. आधी त्याला वाढायचं, मग आपण उपास सोडायचा. नवरा गेल्यापासून घरातला कर्ता म्हणून तोच उरला होता. हा नेम तिनं आपणहून लावून घेतला होता.

अठ्ठ्याण्णव साली सोमशेखरनं मंगळवार पेठेत कम्प्युटरवर पत्रिका काढून द्यायचं दुकान टाकलं. प्रोग्रॅमही स्वतःच लिहिला. पहिली पत्रिका कौतुकानं पुतणीची, रत्नव्वाच्या शांभवीची छापली. चंद्र मूळ नक्षत्रात निघाला. मठातल्या स्वामींनी हातानं मांडलेल्या पत्रिकेत अनुराधा होतं, पण कम्प्युटरपुढं हाताच्या गणिताला कोण विचारतंय? रत्नव्वानंही विचारलं नाही, छापलेलीच पत्रिका नेसरीला धाडली. नेसरीच्या शंकरप्पांनी शांभवीला सून म्हणून पसंत केलं होतं, नुसती सुपारी फुटायची राहिली होती. मुळावरची सून सासऱ्याला वाईट, म्हणून त्यांनी बोलणंच तोडलं.

पुढं सोमशेखरला मुलगा झाला. त्याचं नक्षत्र पंचांगातल्या त्या दिवसाशी जुळेना, तेव्हा घोळ सापडला. हळू आवाजात त्यानं तो वहिनीला समजावला. आकाश एकच, पण मोजायची सुरुवात दोन ठिकाणांहून होते. प्रोग्रॅम वसंतसंपातापासून मोजत होता, आपलं पंचांग ताऱ्यांपासून मोजतं. मधला जवळजवळ चोवीस अंशांचा फरक वजा करायचा राहून गेला होता. केला, की शांभवीचं नक्षत्र अनुराधाच.

"मग नेसरीला चला की भावजी," ती म्हणाली.

"वैनी, चुकलं म्हणून सांगितलं तर दुकानाची पायरी कोण चढंल? नवीन कागद देतो, तुम्हीच जावा."

ती एकटी गेली. शंकरप्पांनी चहा पाजला, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले.

"एकदा मूळ म्हणतंय, एकदा अनुराधा. चुकलं म्हणता, तर ज्यानं काढलं त्यो का आला न्हाय?"

उत्तर तिला ठाऊक होतं. दिराची लाज राखायची म्हणून ती मान खाली घालून उठली.

सोमवारी सोमशेखर नेहमीसारखा पाटावर येऊन बसला. नेसरीचं काय झालं ते त्यानं विचारलं नाही. दुकानात गर्दी कशी वाढलीय ते सांगत राहिला.

"काकांना वाढू?" शांभवीनं आईला विचारलं.

"वाढ. पोटभर वाढ," रत्नव्वा म्हणाली. "माझं ताट मांडू नगंस."

सोमशेखरनं दुसऱ्यांदा भात घेतला, वर ताक मागून प्यायला. हात धुतला, आणि वैनी का जेवल्या नाहीत, हेही न विचारता चपला घालून गेला.