विझत नाही, लुकलुकतो

मी एक जुना ठिपका आहे. हसू नका मित्रांनो, आधी ऐकून घ्या. रांगोळीतला ठिपका नव्हे, प्रकाश देणारा ठिपका. तुमच्या एका केसाच्या जाडीत माझ्यासारखे हजारो ओळीने बसतील. साध्या डोळ्यांना मी दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याच्याबद्दल कुणीही काहीही बोलतं. ते मी पुष्कळ सोसलं. आज मी बोलणार.

माझा जन्म मुंबईच्या एका प्रयोगशाळेत झाला. कढत तेलासारख्या द्रवात आम्हा भावंडांना शिजवलं. जे लवकर बाहेर काढले ते बारीक राहिले, म्हणून हिरवे उजळले. मी जास्त शिजलो, जरा वाढलो, म्हणून तांबडा. निळा प्रकाश अंगावर पडला की मी तांबडा प्रकाश देतो. माझ्या पोटात कॅडमियम नावाचा विषारी धातू आहे, तेही मी लपवत नाही. तो बाहेर येऊ नये म्हणून माझ्या अंगावर कवच चढवलं, आणि कवचावर मासे धरायच्या गळासारखा एक आकडा बसवला. तो आकडा मेंदूच्या पेशीतलं एकच ठरावीक प्रथिन पकडतो. एवढा थाटमाट करून मला बाटलीत भरलं आणि फ्रीजच्या कोपऱ्यात विसरले. बाटलीवरची तारीख उलटली, तेव्हा टाकूनच देणार होते.

तेवढ्यात इनशा आली. ती मुरुडची मुलगी, किहीमच्या एका छोट्या संशोधन केंद्रात पीएचडी करणारी. "टाकताय तर मला द्या," ती म्हणाली. रो-रो बोटीत आमचा गार डबा तिने मांडीवरून खाली ठेवला नाही. शेजारच्या बाईंनी डब्याकडे बघून विचारलं, "पापलेट हाय काय गं?"

"नाही मावशी, लॅबचं सामान आहे."

"मग एवढं जपतेस कशाला?" बाई म्हणाल्या. मला ते लागलं.

इनशाचा प्रश्न असा होता. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात आणि तो निरोप झेलायला काही प्रथिनं ठरलेल्या जागी उभी असतात. आजारी पेशीत ती जागा सोडून भटकतात का? तिला वाटत होतं, भटकतात, म्हणूनच निरोप हुकतो. प्रथिन दिसत नाही, पण त्याला ठिपका चिकटवला तर ठिपक्याच्या मागे मागे जाता येतं. तिचं सगळं या उत्तरावर अडलं होतं. अब्बांनी साफ सांगून ठेवलं होतं की यंदा काम मान्य झालं नाही तर कतारला, दोह्यात राहणाऱ्या थोरल्या भावाकडे, राहीलभाईकडे जायचं, तिथल्या दवाखान्यात नोकरी तयार आहे.

आता माझा स्वभाव सांगतो. एकटा ठिपका सतत उजळत नाही. मध्येच काळा पडतो, पुन्हा पेटतो. दहा-बारा ठिपके चिकटून गोळा झाला, तर एक विझला तरी बाकीचे पेटलेले असतात, म्हणून गोळा सारखा लखलखतो. पण तो जड असतो, अनेक प्रथिनांना एकदम धरून एका जागी बसून राहतो.

केंद्राच्या प्रमुख कल्पिता मॅडमनी आयुष्यभर प्रथिनांना लावायच्या साध्या चमकत्या रंगांवर काम केलं होतं. रंग एकदा विझला की कायमचा संपतो. म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरला नियमच घातलेला होता: जो विझला तो गाळा. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या शुभमने सवयीने तोच नियम आम्हाला लावला. इनशाने आजारी पेशींच्या पहिल्या तबकडीत सोडलेली माझी सगळी एकटी भावंडं गाळली गेली. उरले फक्त ते आळशी गोळे.

"प्रथिनं जागची हलत नाहीत," मॅडम सूक्ष्मदर्शकाचा पडदा बघून म्हणाल्या. "सोमवारी काम तपासायला मुंबईची मंडळी येतील त्यांना हेच दाखवू. तुझा विषय मग बदलावा लागेल, इनशा."

"मॅडम, जी हलत होती ती आपण गाळलीत."

"ती विझली."

"थोडं थांबून बघा ना. परत पेटतात."

"जुनी बाटली हाय मॅडम," शुभम म्हणाला. "मेले असतील निम्मे."

मेले म्हणे! मी बाटलीत होतो, नाहीतर त्याच्या डोळ्यांतच घुसलो असतो.

इनशा वाद घालत बसली नाही. तिने बाटलीतला द्रव यंत्रात गरागरा फिरवला. जड गोळे तळाला बसले. वरचा नितळ भाग तिने नव्या तबकडीतल्या आजारी पेशींवर सोडला. त्यात मी होतो. माझा आकडा एका प्रथिनात अडकला आणि ते मला घेऊन निघालं. निरोप झेलायची जागा सोडून पेशीच्या फांदीवरून भलतीकडेच. पडद्यावर आम्ही सगळे तांबडे धावत होतो.

"आता नियम लाव," इनशा म्हणाली. शुभमने लावला. पडदा रिकामा झाला. एकही ठिपका उरला नाही.

"काढ."

पडदा पुन्हा भरला. मॅडम खुर्ची ओढून जवळ बसल्या. मी नेमका काळा पडलो. त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं आणि वाट पाहिली. मी त्यांच्या बोटाच्या किंचित पुढे पेटलो. मुद्दाम नव्हे, पण आनंद मात्र झाला.

"शुभम, पहिली तबकडी पुन्हा मोज," त्या म्हणाल्या. "कुणाला गाळू नकोस. गोळे तेवढे काढ." मग इनशाला म्हणाल्या, "माझी चूक झाली."

सोमवारी मंडळींनी खोचक प्रश्न विचारले, पण इनशाचा विषय टिकला. अब्बांनी स्वतः राहीलभाईला फोन करून सांगितलं की ती येत नाही.

काम झाल्यावर शुभम आमची तबकडी बेसिनमध्ये धुवायला निघाला. इनशाने त्याचा हात धरला. "हे पाणी खाडीत जातं, शुभम. मासे आपणच खातो ना?" तेव्हापासून मी झाकण बंद केलेल्या, विषारी कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात आहे. माझं विष माझ्यापाशीच राहू द्या, एवढं मात्र सांभाळा. मला कीव नको. कधी मला सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन निळा दिवा धरलात आणि मी दिसलो नाही, तर मेला म्हणून पुढे जाऊ नका. जरा थांबा.