बाभळीखालची जागा

१९६१ साली, कापसाची पहिली वेचणी चालू असताना हे झालं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं आणि ब्राह्मणपुरीच्या पुढच्या या गुजर पाटलांच्या गावात ग्रामपंचायत नवी नवी आली होती. कायद्यानं दोन बाया पंच घ्यायच्या होत्या. सरपंच पितांबर पाटलांनी एक आपली थोरली सून जसोदा घेतली आणि दुसरी भिलाटीतली, गावाकडेच्या भिल्लवस्तीतली मंगळीबाई. मंगळीबाई त्यांच्याच शेतात कापूस वेचायला यायची. म्हणजे दोघीही घरच्याच.

पंच झाल्यानं जसोदाचं काही बिघडलं नव्हतं आणि काही सुधारलंही नव्हतं. सभा झाली की ग्रामसेवक चुनीलाल वही घेऊन घरी यायचा. ती दाराआडून हात बाहेर काढायची, अंगठा उमटला की राखेनं शाई पुसायची आणि भाकरी थापायला बसायची. सासऱ्यासमोर लाज काढायची, पदर थेट हनुवटीपर्यंत. त्यांच्याशी बोलायचं नाही. फारच अडलं तर मधे कुणाला तरी घालायचं. "बाबांना सांग, पाणी तापलं," असं धाकट्या जावेच्या पोराला म्हणायचं. शेजारीच बसलेल्या बाबांनी ते ऐकलेलं असायचं, तरी पोरानं पुन्हा सांगेपर्यंत ते हलायचे नाहीत. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा एक शब्द त्यांनी सरळ कानावर घेतला नव्हता.

त्या सोमवारी सासरे आणि नवरा भाईदास जेवायला बसले होते. ती दाराआड उभी राहून कुणाला काय हवं ते बघत होती.

"पंचायतनं गोदाम कोठे बांधानं ठरनं मग?" भाईदासनं विचारलं.

"खळ्यामागे, बाभळीसमा. रिकामीच शे ती जागा."

जसोदाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. रिकामी? गावातल्या साऱ्या बाया पहाटे लोटा घेऊन त्याच बाभळींत जायच्या. बायांची गोदरी होती ती. बाभळी दाट, वाट आडवळणाची, भिलाटीच्या अंगाला काट्यांचं कुंपण, पुरुष माणूस तिकडे फिरकायचा नाही, म्हणूनच पुरुषांना ती रिकामी दिसत होती. ती गेली तर उरलं काय? नदीकडचं कोतर, ती उतरती घळ. तिथून शहाद्याच्या गाड्या जायच्या, आणि गाडीवान भल्या पहाटे गाणी म्हणत यायचे. धाकटी जाऊ सिंधू पोटुशी होती, दिवस भरत आले होते. ती त्या घसरणीवरून कशी उतरणार होती?

जेवणं उरकल्यावर तिनं सासूला, शांतीबाईंना गाठलं.

"माय, बाबांना सांगा ना, ती जागा नका घेऊ म्हणून."

"हे काय माणसांसमोर बोलनं शे?" शांतीबाईंनी कपाळाला हात लावला. "लाज नही तुले? देव काढी काही वाट."

भाईदासला सांगितलं तर तो हसला. "बायकांच्या असल्या गोष्टी मी बापासमोर काढू?"

पुढचे दोन दिवस तिचं कशात मन लागेना. दूध उतू गेलं. कपाशीच्या ओळीत ती उभीच्या उभी राहायची आणि बाकीच्या बाया पुढे निघून जायच्या. गुरुवारी सभा होती आणि गोदामाचं त्याच सभेत पक्कं व्हायचं होतं. योग असा, की गावातल्या बाया किती पुढे आल्यात ते बघायला तालुक्याहून मुख्यसेविका येणार होत्या. त्यांना दाखवायला म्हणून दोघी बाया-पंचांनी या वेळी चावडीत प्रत्यक्ष बसायचं, असा पितांबर पाटलांचा हुकूम होता. म्हणजे ती तिथे असणार होती. सासरेही असणार होते. आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

"काय वं पाटलीणबाई, बोंड खासी का सरकी?" मंगळीबाईनं ओळीतून हाक मारली. जसोदा किती वेळ एकच बोंड हातात धरून उभी होती.

जसोदानं तिला सगळं सांगितलं. मंगळीबाई खळखळून हसली.

"एवढंच? मी बी पंचच शे ना? तू मन्हा कानमा सांग, मी मोठ्यानं सांगसू. माले कोनी लाज?"

तसंच ठरलं.

गुरुवारी चावडीत जाजम पसरलं होतं. एकुलत्या खुर्चीवर सेविकाबाई बसल्या, साताऱ्याकडच्या, पांढरी साडी, बोलणं गोड. पुरुष जाजमावर. दोघी बाया उंबऱ्याजवळ खाली. जसोदानं पदर ओढला आणि सासऱ्याकडे पाठ केली. पदराच्या आत तिचा श्वास कोंडत होता.

चुनीलालनं गोदामाचं वाचून दाखवलं. "कोणाचं काही म्हणणं?"

जसोदा मंगळीबाईच्या कानाशी लागली. मंगळीबाईनं आवाज काढला, शेतातल्यासारखा.

"पाटलीणबाई म्हनी ऱ्हायनी, गोदाम बांधशात ते पहाटे लोटा लिसनी बाया कोठे जातीन?"

कुणीतरी खोकलं. वाहरू पाटील नावाचे म्हातारे पंच एकदम छपराचे वासे निरखायला लागले. भाईदासनं मान खाली घातली. सेविकाबाईंना अहिराणी नीट कळत नव्हती, त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

पितांबर पाटील मंगळीबाईलाच म्हणाले, "तिले सांग, नदीना कोतरमा जागा शे."

जसोदा पुन्हा कुजबुजली. मंगळीबाई म्हणाली, "कोतरमा गाड्यास्नी वाट शे. तुम्हनी धाकली वऊ पोटुशी शे, ती पडी जाई ते कोन जबाबदार?" एवढ्यावर ती थांबायला हवी होती. ती थांबली नाही. "आन् पाटलीणबाई आशीबी म्हनी ऱ्हायनी, भिलाटीन्या बायाबी तठेच येतीन. मधलं काटानं कुंपण काढी टाका."

पंच एकमेकांकडे बघायला लागले.

जसोदानं असं काही म्हटलं नव्हतं. तिच्या मनातही ते कधी आलं नव्हतं. भिलाटीतल्या बाया नाल्यापलीकडच्या निवडुंगात जातात, मागच्या पावसात तिथे एकीला पान लागलं होतं, साप चावला होता, हे तिनं ऐकलं होतं आणि विसरली होती. तिनं पदराआडून मंगळीबाईकडे बघितलं. मंगळीबाई हसत नव्हती. सरळ समोर बघत होती.

मग कधी न घडलेलं घडलं. पितांबर पाटलांनी मधलं माणूस सोडलं.

"वऊ," ते म्हणाले, "हाई तूच सांगं का?"

नाही म्हटलं तर मंगळीबाई चारचौघांत खोटी पडेल, तिचं आधीचं बोलणंही खोटं ठरेल आणि बाभळी जातील. हो म्हटलं तर घरच्या बाया तिला उभी चिरतील. पायाच्या अंगठ्यानं ती जमीन उकरत राहिली.

"हो," ती म्हणाली.

आवाज चिरका निघाला, पण निघाला. पितांबर पाटलांनी एकदा खुर्चीकडे बघितलं. परक्या बाईसमोर सुनेला खोटं पाडणं म्हणजे आपल्याच घराचं हसं. शेवटी ते म्हणाले, "लिही रे चुनीलाल. गोदाम मन्हा खळ्यामा बांधूत. बाभळीस्ले हात नको. कुंपण काढा."

निघताना सेविकाबाईंनी चुनीलालला विचारलं, "या बाई काही बोलल्या का?"

"एकच शब्द, बाई. हो म्हणाल्या."

त्यांनी तेवढंच टिपून घेतलं. मग जसोदाच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाल्या, "पुढच्या वेळी थोडं जास्त बोला हं. नुसतं हो म्हणून बायका पुढे कशा यायच्या?"

मंगळीबाई तोंडात पदर कोंबून हसत सुटली.

जसोदाला हसू आलं नाही. घरी शांतीबाईंनी भांडी आपटली. "त्यास्ना शेजारी बसू मी? तूच बस!" विहिरीवर बाया तिच्यापासून चार हात लांब घागरी ठेवायला लागल्या. तिनं मंगळीबाईला कपाशीत गाठलं.

"मला न विचारता का बोललीस?"

"इचारतू ते तू नहीच म्हंती," मंगळीबाई बोंड खुडत म्हणाली.

ते खरं होतं, आणि तेच जसोदाला डाचत राहिलं. आपण हो का म्हटलं? भीतीनं, की अडकलो म्हणून, की आणखी कशानं? पुढे कितीतरी पहाटे बाभळींच्या वाटेवर ती हेच उकलत बसायची.

सिंधूला मुलगी झाली, ती पुढे शहाद्याच्या शाळेत मास्तरीण झाली. शांतीबाई रागारागानं कोतरात जायला लागल्या. पाऊस लागला, घसरण झाली, आणि एके दिवशी काही न बोलता बाभळींत परत आल्या. सेविकाबाईंची बदली झाली, पुन्हा त्या गावात दिसल्या नाहीत. मंगळीबाईला पुढच्या वेळी पंच केलं नाही. ती लेकाबरोबर गुजरातेत ऊस तोडायला गेली आणि तिकडेच राहिली. तिची सून मात्र बाभळींत येत राहिली. भाईदास सरपंच झाला, आणि बायांची गोष्ट निघाली की वाहरू पाटलांसारखा वासे बघायचा.

पितांबर पाटील सुनेशी पुन्हा सरळ बोलले नाहीत. पण पुढच्या काळात मधे कुणी नसलं तर थांबायचेही नाहीत. दाराच्या चौकटीकडे बघून म्हणायचे, "पाणी तापलं का?" आणि जसोदा चुलीकडे बघून, नेहमीच्या आवाजात, उत्तर द्यायची.