पाणी घातलेलं झाड

सन अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या नाताळाला चार दिवस राहिले होते. आम्ही घरची पाचही माणसं सकाळच्या ओहोटीबरोबर कल्याण बंदरातून होडीनं खाडीकाठच्या कोपर गावाला निघालो. आमचं स्वतःचं झाड तोडून आणायचं होतं.

आदल्या नाताळाला पाद्रीसाहेबांच्या बंगल्यात सुरूचं झाड उभं केलं होतं. त्याला कागदी चांदण्या, बत्ताशांच्या माळा आणि मेणबत्त्या लावल्या होत्या. ते पाहून आमच्या धाकट्या लेकीनं, लक्ष्मीनं, वर्षभर घोशा लावला, "आपलंही सुरूचं झाड आहे की कोपरला!" ते खरंच होतं. आमचे घरधनी माळीकाम करत. त्यांचं नाव गुणाजी; मी ते इथं एकदाच लिहिते. आम्ही कोपरला राहत होतो तेव्हा यांनी ठाण्याच्या एका साहेबाच्या बागेतून बोटभर रोप आणून झोपडीमागे लावलं होतं. वर्षभरानं यांना कल्याणला रेल्वेच्या बंगल्यावर काम मिळालं आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. झाड तिथंच राहिलं.

होडीत माझ्या शेजारी सून बसली होती, रतन. आठ महिन्यांपूर्वी ती आमच्या उत्तमला दिलेली. नगरकडच्या दुष्काळात आईबाप गेले आणि ती मिशनच्या अनाथगृहात वाढली. वाचायला-लिहायला छान येई तिला. मी पन्नाशीनंतर अक्षरं गिरवली ती तिच्याचपाशी, पण ते फार पुढं. तेव्हा ती घरात पाहुण्यासारखी वावरे. दुरडी उचलतानासुद्धा विचारी, "ही घेऊ का?"

त्या दिवशी पाण्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "सासूबाई, तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात जुन्या गोष्टी असतात. हे असं झालं, ते तसं झालं. माझं त्यात काहीच नाही हो. सगळं मी यायच्या आधीच होऊन गेलंय."

"होईल की हळूहळू," मी म्हटलं आणि भाकऱ्यांचं गाठोडं नीट केलं. मला तेव्हा तेवढंच सुचलं.

होडीवाला राघो म्हणजे कोपरचा आमचा जुना शेजारी. त्यानं होडी चिखलाला लावली आणि बजावलं, "दुपारी पानी चढला का निंगायचा. मी थांबनार नाय."

झाड पाहून आम्ही थक्कच झालो. उत्तमच्या डोक्याच्याही हातभर वर गेलं होतं. लक्ष्मीनं त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. यांनी कुऱ्हाड काढून उत्तमपुढं धरली. "हं, घाल घाव."

"मी? मला वाटलं तुम्ही तोडणार."

"मी लावलंय ते. ज्यानं पाणी घातलं त्यानं कुऱ्हाड घालू नये. माळ्याच्या पोराला हे सांगावं लागतं?"

"बाबा, अहो, आता आपण ख्रिस्ती झालो."

"ख्रिस्ती झालो, माळ्याचे कसाई नाही झालो. धर तू."

"मी तरी कसा धरू? वर्षभर विहिरीवरून घागरी कोणी आणल्या?"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. तांदळाचं धुवण रोज मीच ओतत होते. लक्ष्मी म्हणाली, "मीपण घातलंय!"

"तू घातलंस ते पाणी नव्हतं," उत्तम म्हणाला, "तू तेव्हा एवढीशी होतीस, झाडामागे जाऊन बसायचीस."

"खोटारडा! आई, बघ ना हा!"

आम्ही पोट धरधरून हसलो. मग यांनी राघोला हाक मारली. तो लांबूनच म्हणाला, "माझ्याकडं नको बघू. तुमी गेल्यावर दोन उन्हाळे ह्याला कोनी जगवला? तुमच्या पाद्र्यानं?"

झालं. कुऱ्हाड होती, झाड होतं, आणि तोडायला हात नव्हता. तेवढ्यात लक्ष्मीनं टाळी वाजवली. "वहिनी! वहिनीनं कधीच पाणी घातलेलं नाही. तिला चालतंय!"

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. मलाही वाटलं, हे कबूल करते. "घे गं रतन," मी म्हणाले, "तूच घे."

तिनं कुऱ्हाड घेतली. चेहरा पांढरा पडला होता. मघाशी होडीत ती काय म्हणाली ते मला तेव्हा आठवलं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. आख्ख्या घरात त्या झाडाची कोणी नव्हती ती एकटीच, आणि हे आम्ही हसत हसत तिच्या हातात दिलं होतं.

ती झाडापर्यंत गेली. मग कुऱ्हाड खाली ठेवली, परत आली, आमचं प्यायच्या पाण्याचं मडकं उचललं आणि सगळंच्या सगळं झाडाच्या बुडाशी ओतलं.

"आता मीही घातलंय," ती म्हणाली. मान वर होती.

लक्ष्मीचे ओठ वाकडे व्हायला लागले. उत्तम कधी बायकोकडे बघे, कधी बापाकडे. यांनी ओल्या मातीकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि हसायलाच लागले.

"पोरीनं सगळ्यांना बांधलं की रे! राघो, पहार आण. फावडं आण. गोणपाट असेल तर तेही आण. मुळासकट नेऊ याला."

"मुळासकट? अन् पानी चढला मंजे?"

"तर तूही खण!"

राघो शिव्या देत आला आणि सगळ्यांत जास्त त्यानंच खणलं. बापलेकांनी कडेनं मोकळं केलं, मी आणि रतननं माती ओढली. मातीचा गड्डा गोणपाटात बांधून होडीत चढवला तेव्हा भरती चांगली लागली होती. मधोमध झाड उभं, रतन त्याला कवटाळून बसलेली, आणि घोटभर पाणी नसल्यामुळे बाकी सगळे कोरड्या भाकरीवर कुरकुरत होते. काठावरून एकानं ओरडून विचारलं, "ए, वरात कोनाची?"

"झाडाची!" लक्ष्मी ओरडली. "नवरी पण आहे!"

"जगेल का हो?" मी यांना विचारलं.

"मुळं दुखावली आहेत. सांगता येत नाही. पाणी मात्र चुकता कामा नये."

घरी आल्यावर यांनी पहार खांद्यावर घेतली. इतकी वर्षं अंगणात काही लावायचं तर हे मला विचारत. त्या संध्याकाळी माझ्यासमोरून पुढं गेले आणि सुनेपाशी थांबले.

"रतन, खड्डा कुठं घेऊ?"

तिनं जराही विचार न करता दारासमोरची जागा दाखवली. नेमकी तिथंच मी मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी मिरच्यांची चटई गोळा केली आणि मागच्या अंगणात गेले.