सुबिराची न थांबणारी खेळी

उस्सीकाकाच्या नावेत एकच जागा उरली होती. पेंबा बेटावर आजीच्या बहिणीकडे लग्न, आणि जायचं होतं सुबिरालाही, तिचा चुलतभाऊ मकामेलाही. मकामे तर बोचकं बांधून दारातच बसलेला.

"भांडू नका मेल्यांनो," आजी म्हणाली. "बाओ मांडा. जिंकेल तो जाईल."

बाओचा लाकडी पाट आला. खळग्यातल्या बिया उचलायच्या, पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं. शेवटची रिकाम्या खळग्यात पडली, की खेळी संपली. भरल्यात पडली, तर तिथल्या सगळ्या उचलून पुन्हा पुढे.

पहिली पाळी सुबिराची आली, तशी आजीनं हळूच एका खळग्याकडे बोट केलं. सुबिरानं तिथूनच सुरुवात केली. शेवटची बी भरल्या खळग्यात. पुन्हा भरल्यात. पाटाला फेरे मारून मारून हात भरून आला, पण रिकामा खळगा काही लागेना.

"आजी, ही कधी थांबणार?"

"नाही थांबायची."

"म्हणजे उद्यापर्यंत?"

"उद्याही नाही."

"मी तुझ्याएवढी म्हातारी झाले की?"

"तेव्हाही नाही, बाई. माझ्या आजोबांना लागली होती अशी खेळी. अजून खेळतायत. पक्ष्यांनी डोक्यावर घरटं केलं, त्यांच्या पिल्लांना नातवंडं झाली."

सुबिराला कळेना. "मग मी जिंकले?"

"खेळी संपल्याशिवाय कशी जिंकशील?"

"म्हणजे मी जिंकलो!" मकामे ओरडला.

"तू कसला जिंकतोस? तुझी पाळी तरी आलीये का?" आजी म्हणाली.

खाडीतून काकाची हाक आली. "अम्मा, ओहोटी लागली! कोण येतंय?"

"कुणीच जिंकलं नाही, म्हणजे मीच की!" आजीनं अंगावर पांघरलेला सुती कांगा डोक्यावर ओढला आणि पाण्यात शिरून चालायला लागली. "खेळी संपली की येते गं परत!"

मकामे तोंड वासून बघत राहिला. सुबिरा बिया टाकत राहिली. एक, एक, एक. आणि मग तिचा हात हवेतच थांबला. संपली की येते. आणि ही तर संपणारच नाही.

तिनं शेवटची बी भरला खळगा ओलांडून मुद्दाम पलीकडच्या रिकाम्या खळग्यात टाकली.

"चीटिंग! चीटिंग! हरलीस तू!" मकामे नाचायला लागला.

सुबिरा पळत पाण्यापाशी गेली. "आजी, संपली! मी हरले! ये परत!"

आजीचा एक पाय नावेत होता. तो तिनं काढला. "हरलीस? मग मकामे, चढ बाबा."

मकामे बोचकं डोक्यावर घेऊन छपाछप धावला. नाव निघाली. सुबिरानं आजीचा ओला कांगा मुठीत घट्ट धरला. जागा गेली, तरी रडू कसं येत नाही, हेच तिला समजेना.

"आजी, मी संपवलीच नसती तर?"

"तर मी जातच राहिले असते."

"कुठे?"

आजीनं समुद्राकडे बघितलं, मग सुबिराकडे.

"ते मलाही नाही गं माहीत," ती म्हणाली. "चल, पाट उचल."