बन्सीचा ठसा

मी एक जुना पोलादी ठसा आहे, मित्रांनो. लांबीला बोटाएवढा. माझ्या टोकाला उलटा 'ब' कोरलाय. डोक्यावर हातोडी बसली की लोखंडावर तो सुलटा उमटतो.

१९५४ साली पिंपरीच्या एका कारखान्यात पाण्याचे पंप बनत. तिथल्या अर्जुनराव मिस्त्रींनी मला कानशीनं घासून घडवलं आणि बन्सीच्या हातात दिलं. बन्सी चाकणकडचा, आदल्या वर्षापर्यंत औत हाकणारा. मिस्त्री त्याला म्हणाले, "पंप जोडलास, नीट तपासलास, की मगच ह्याचा ठोका मार. कुणी केलाय ते दिसू दे."

तेव्हापासून मी त्याच्या खिशात असे. कुणी कितीही घाई केली तरी चालत्या पंपाला कान लावून ऐकल्याशिवाय तो मला बाहेर काढत नसे. एकदा सासुरवाडीला गेला असताना विहिरीवर नवा पंप दिसला. अंगावर आमचं अक्षर! बन्सी ओरडलाच, "रतन, ह्यो म्या केलाय!"

त्याच्या बायकोला, रतनबाईला, वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरावरून बोट फिरवलं. "तुमचं नाव पान्यापाशी बसलंय की," ती म्हणाली. परतताना तो वाटभर आपल्याशीच हसत होता.

मग नवे मॅनेजर आले. त्यांना ही अक्षरं खपली नाहीत. "माल कंपनीचा आहे. त्यावर कामगारांच्या खुणा कशाला?" सगळे ठसे जमा करायचा हुकूम सुटला.

बन्सीनं विचारलं, "सायेब, आमचं काय चुकलं का?"

"चुकलं काही नाही. पगार वाढवतोय की तुमचा! आणखी काय पाहिजे?"

बन्सीनं मला टेबलावर ठेवलं. अर्जुनरावांनी मला उचलून आपल्या खणात टाकलं.

मी मिस्त्रींच्या उघड्या खणात पडून राहिलो. पगार खरंच वाढला. बन्सी कामावर येई, पण पंपाला कान लावेना. एक दिवस मिस्त्री त्याच्यापाशी थांबले. "बन्सी, ह्याला तडा हाय रे."

"दिसला," बन्सी म्हणाला आणि तड्यावरून त्यानं हिरव्या रंगाचा कुंचला फिरवला. "जाऊ द्या मिस्त्री. कुनाचा हाय त्यो?"

मिस्त्रींनी पंप बाजूला काढायला हात पुढे केला, मग मागे घेतला. पंप ट्रकवर चढला आणि कुठल्याशा शेतकऱ्याकडे निघून गेला. मला ओरडता येत असतं, तर मी ओरडलो असतो.

मित्रांनो, ह्या दहा-बारा वर्षांत मला गंज चढलाय. माझं काही मागणं उरलं नाही. पण उद्या तुमच्या हाताखाली माणसं असतील. त्यांना पगार द्या, तो त्यांच्या घामाचाच असतो. पण त्यांनी केलेलं काम त्यांच्यापासून तोडू नका. एकदा तोडलंत की पगार वाढवून ते परत जोडता येत नाही. मी ते बघितलंय.

बन्सी अजून नोकरीवर आहे. सुटीचा भोंगा झाला की दाराशी सगळ्यांत पुढे तोच उभा असतो.