सोपं जीवशास्त्र

"हे जीवशास्त्र नर्सिंगला चालत नाही," केसलर म्हणाला आणि कॉफीवर फुंकर घालत बसला.

ओनीडा माझी नणंद. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलता-निजवता तिची पाठ गेली. डॉक्टरांनी बजावलं, आता उचलणं बंद. म्हणून नर्स व्हायचं ठरवून तिनं कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं; पोटासाठी वृद्धाश्रमातली नोकरी मात्र चालूच. नव्यांना विषय निवडून द्यायला कॉलेजनं हा केसलर बसवलाय. ऑगस्टात त्यानंच तिचे विषय ठरवले होते. आज पुढच्या सत्राचे ठरवायचे होते. गाडी माझी, म्हणून मीही शेजारी बसले होते.

"चालत नाही म्हणजे? मला त्यात 'ए' मिळालाय."

"मस्तच. पण ते विज्ञानाला न जाणाऱ्यांसाठी असतं. नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा तर आधी प्रयोगशाळेवालं झालेलं लागतं."

"मी नर्स व्हायला आलेय, हे याच खुर्चीत बसून सांगितलं होतं तुम्हाला."

"हो, आठवतंय ना. पण इतक्या वर्षांनी शिकायला आलेल्या बायकांना पहिलं सत्र आम्ही सोपंच देतो. जरा धीर येतो. नाहीतर अर्ध्या जणी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागायच्या आतच गळतात."

असं म्हणून तो हसला. आभार ऐकायची तयारी होती त्याची. वाईट माणूस नव्हे तो; त्याचाच जास्त संताप येत होता.

"म्हणजे या मार्चमध्ये मला नर्सिंगला अर्ज करता येणार नाही?"

"पुढच्या मार्चला करा. वर्ष काय, बघता बघता जातं."

"तुमचं जात असेल. माझं म्हाताऱ्यांना उचलण्यात जातं."

"ओनीडा, मी तुमच्या भल्यासाठीच..."

"अंघोळ घालताना माझी एक म्हातारी चावायला धावते. तरी मी तिला विचारते, बाई, पाणी गार लागतंय का? तुम्ही मला तेवढंही विचारलं नाहीत."

केसलरनं संगणकावर तिचं वेळापत्रक उघडलं. मग म्हणाला, "प्रयोगशाळेवालं घालतो आता. थोडं अवघड आहे हं."

"घाला."

बाहेर व्हरांड्यात नवे विद्यार्थी आपल्या पाळीची वाट बघत होते. प्रत्येकाच्या हातात फुकटचा पिझ्झा. कॉलेजला स्वागत म्हणजे एवढंच ठाऊक. मी किल्ली काढली. "चल. या थंडीत गाडी तापायलाच वेळ लागेल."

पण ओनीडा थांबली. कोपऱ्यात किराणा दुकानाचा एप्रन घातलेली, आमच्याच वयाची एक बाई ताठ बसली होती. ओनीडा तिच्याजवळ गेली.

"काय व्हायचंय?"

"एक्स-रे काढायला शिकायचंय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "हसू नका."

"हसत नाही. आत एकेक विषय घेताना विचारायचं, हा एक्स-रेला चालतो का? सोपा आहे म्हणाले, तर पुन्हा विचारायचं."

"रागावले तर?"

"रागावू देत."

केसलर दारात आला. "ग्लेंडा?" ती बाई उठली. तिच्यामागे त्याला ओनीडा दिसली. "तुमचं झालं ना, ओनीडा?"

"नाही."

तिनं कोट काढला. आत असताना तो तिनं काढलाच नव्हता. खुर्चीच्या पाठीला तो नीट अडकवला, कमरेवर हात दाबत सावकाश बसली आणि पलीकडच्या माणसाकडे वळली.

"तुम्हाला काय व्हायचंय?"

मी किल्ली परत पर्समध्ये टाकली.