वेगळं ताट

लग्न झाल्यापासून संयोगिता नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवत आली होती. गडमुडशिंगीतल्या त्या घराची रीतच तशी. अमरसिंहांनी हात धुवून उठायचं आणि मागं उरलेल्या रश्श्यात तिनं गार भाकरी कुस्करायची. सासूबाईंच्या, म्हणजे आक्कांच्या मते, त्यानं संसारात गोडी राहते.

यंदा तिच्या एका डोळ्याला धुरकट दिसू लागलं, हातापायांना मुंग्या आल्या. आक्कांनी तपासणी न करताच आळसाचं निदान केलं. कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाईंना मात्र मेंदूचा फोटो काढावा लागला, रक्तही तपासावं लागलं.

"मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे," बाई म्हणाल्या. "शरीर स्वतःच्याच नसांवरचं आवरण कुरतडतंय. रक्तात एका जुन्या विषाणूच्या अँटिबॉडी, म्हणजे तो होऊन गेल्याच्या खुणा, सापडल्या. त्या नसत्या, तर मी निदानाचा पुन्हा विचार केला असता. आता औषध लगेच सुरू करू. उशीर झाला तर चालणं अवघड होईल."

"इषाणू कशानं हुतो?" आक्कांनी विचारलं.

"लाळेतून. बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो. तुम्हालाही झालेला असणार. खुणा जन्मभर राहतात. पण एमएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

एवढ्या बोलण्यातून आक्कांनी लाळ तेवढी उचलली.

"कुरुंदवाडास्नं आणलाय हिनं," गाडीत बसताच त्या म्हणाल्या. माहेर आयतं सापडलं होतं. "आधी इषाणू जाऊ दे. रिपोर्ट कोरा आला की मग औषधाचं बघू."

"आक्का, खुणा जात न्हाईत म्हणाल्या की बाई!"

"न जाऊन सांगतोय कुणाला?"

"आणि माझं जेवण रोज ह्यांच्याच उष्ट्यात. मग लाळ कुणाची म्हणायची?"

"गड्यामाणसाच्या लाळंला काय हुतंय गं!"

संयोगितानं अमरसिंहांकडं पाहिलं. "आक्का म्हणत्यात तर थांबू की थोडं," ते म्हणाले, आणि रस्त्यात नसलेल्या म्हशीसाठी हॉर्न वाजवला.

त्या संध्याकाळी संयोगितासाठी वेगळं ताट निघालं. आक्कांनी त्याच्या काठाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. अमरसिंह उठले, तेव्हा त्यांच्या ताटात अर्धी भाकरी उरली होती. वाया कशाला घालवायची, म्हणून आक्का स्वतःच त्या ताटावर जेवायला बसल्या.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच संयोगिताच्या पुढ्यात स्वच्छ ताट आणि तव्यावरची भाकरी होती. ती गरम आहे हे तिला वाफेवरून कळलं. बोटांना काही कळत नव्हतं.